अमेरिकेतल्या जुन्या हमरस्त्यांवरच्या विसरलेल्या खुणा : शोधायच्या कशा, तपासायच्या कशा

आडवाट

लिंकन हायवे, नॅशनल रोड, रूट ६६ यांच्यावर मराठीत जे काही सापडतं ते बहुतेक 'गेलो, पाहिलं, फोटो काढले' इथवरच थांबतं. हा धागा त्यासाठी नाही. मक्याच्या शेताच्या कडेला उभा असलेला सिमेंटचा खांब, ओस पडलेला पेट्रोलपंप, कोठाराच्या भिंतीवरची अर्धी पुसलेली जाहिरात... ही वस्तू कशाची, कधीची आणि मुळात इथलीच आहे का, हे ठरवायची पद्धत इथे जमवू या. सुरुवात आयोवातल्या लिंकन हायवेपासून करतो. तिथली कागदपत्रं चांगली आहेत आणि जमीन चौकटीत आखलेली असल्यामुळे शिकायला सोपं जातं.

पार्श्वभूमी दोन ओळीत. १९१३ साली कार्ल फिशर आणि मंडळींनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैलांचा मार्ग जाहीर केला. 'बांधला' असं बरेच जण लिहितात, ते बरोबर नाही. होते ते मातीचे रस्ते जोडून त्यांना एक नाव दिलं, एवढंच. त्यामुळे हा मार्ग पुढे सतत हलत राहिला. कुठे रेल्वेचं फाटक टाळायला, कुठे काटकोनातली वळणं कापायला. १९२६ मध्ये संघराज्याचे क्रमांक आले आणि आयोवातला बराचसा भाग यू.एस. ३० झाला. मग तोही सरळ होत गावाबाहेर सरकला. एकाच गावाजवळ दोन-तीन पिढ्यांचे रस्ते सापडतात ते म्हणून. 'जुना रस्ता कुठून जायचा' याला अर्थ नाही, 'कोणत्या साली कुठून जायचा' असंच विचारावं लागतं.

कामाला लागायचं तर आधी कागद, मग गाडी. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भीय सर्वेक्षण खात्याच्या) टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर १८८४ पासूनचे नकाशे फुकट उतरवता येतात. जुने बहुतेक अक्षांश-रेखांशाच्या १५ मिनिटांचे, प्रमाण १:६२,५००. नंतरचे साडेसात मिनिटांचे, १:२४,०००. काळा छोटा चौकोन म्हणजे घर, त्यावर झेंडा असेल तर शाळा, क्रूस असेल तर चर्च. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सुधारित आवृत्त्यांवर जांभळ्या रंगात दाखवलेलं जे असतं ते हवाई फोटोवरून भरलेलं, जागेवर जाऊन न तपासलेलं. त्यावर फार विसंबू नये.

दुसरा आधार १९३० च्या दशकातले कृषी खात्याचे हवाई फोटो. आयोवासाठी ते आयोवा स्टेट विद्यापीठाच्या नकाशा सर्व्हरवर आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवून पाहता येतात. नांगरून टाकलेला रस्तासुद्धा या फोटोत फिकट पट्ट्यासारखा दिसतो.

नकाशे एकमेकांवर बसवताना एक भानगड होते. जुने नकाशे १९२७ च्या मोजणी-आधारावर (डेटमवर) आहेत, तुमचा फोन वेगळ्या आधारावर चालतो. मध्य-पश्चिमेत फरक थोडा पडतो, कॅलिफोर्नियाकडे मात्र शंभर मीटरच्या आसपास जातो. खांब पलीकडच्या शेतात दाखवला म्हणून तो हलवलाय असं लगेच ठरवू नका.

मैलकुली

उत्तम धागा. प्रत्यक्ष जागेवर काय बघायचं ते लिहितो.

जुन्या मार्गाची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे विजेच्या किंवा टेलिफोनच्या खांबांची रांग. आजचा रस्ता वळतो आणि खांब सरळ शेतातून जातात, तिथे जुना रस्ता असण्याची शक्यता दाट. त्याच्या जोडीला रस्त्याकडे पाठ केलेली घरं बघा. घराचा दर्शनी ओटा रिकाम्या शेताकडे असेल तर रस्ता पूर्वी त्या बाजूने होता. 'ओल्ड', 'लिंकन वे' अशी नावं असलेले आणि पुढे एकदम संपणारे रस्ते तर उघडच.

आता फरसबंदी. आयोवात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात १८ फूट रुंदीचं काँक्रीट टाकलं, आणि त्याच्या दोन्ही कडांना काँक्रीटचीच ओठासारखी उचललेली कड ओतली. हेतू असा की पावसाचं पाणी कडेच्या मातीत न घुसता ठरावीक ठिकाणी बाहेर पडावं. झालं उलटं. पाणी रस्त्यावरच साचून राहायचं आणि अरुंद रस्त्यावर चाक त्या कडेला घासलं की गाडी उसळायची. पुढे रुंदीकरणात या कडा फोडल्या गेल्या. जिथे त्या शाबूत आहेत तो तुकडा रुंदीकरणाआधी सोडून दिलेला, असं बरंच खात्रीने म्हणता येतं. टेप नेत जा. दोन कडांमधलं अंतर मोजणं हे नुसत्या फोटोपेक्षा जास्त कामाचं.

रुंदी किती बोलते याचं टोकाचं उदाहरण ओक्लाहोमात आहे. मायामी ते आफ्टन या गावांदरम्यान १९२२ च्या सुमाराचा, फक्त ९ फूट रुंद रस्ता. हा चक्क रूट ६६ होता, १९३७ पर्यंत. समोरून गाडी आली की दोघांनी एकेक चाक खडीवर उतरवायचं.

विटांचं म्हणाल तर आयोवात वुडबाइन गावात १९२१ चे विटांचे लिंकन हायवे रस्ते अजून वापरात आहेत, आणि नेब्रास्कात ओमाहाच्या पश्चिमेला १९२० चा तुकडा आहे. विटेवर कारखान्याचं नाव दाबलेलं असतं, पण ते वरच्या बाजूला असेलच असं नाही. एखादी वीट उचलून बघायचा मोह आवरा. तो रस्ता सार्वजनिक मालमत्ता आहे.

शेवंता_डेमॉइन

दोघांचेही आभार. एक शंका. आयोवात ग्रामीण रस्ते एक मैल सरळ, मग काटकोन, परत एक मैल असे का जातात? जुना लिंकन हायवे तर जिन्यासारखा दिसतो नकाशावर.

आडवाट

शेवंताताई, कारण १७८५ चा जमीन मोजणीचा अध्यादेश. सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक मैल चौरस, म्हणजे ६४० एकर. रस्ते या सेक्शनच्या हद्दीवरून काढले, कारण त्यात कुणा एकाची जमीन जात नाही, दोन्ही बाजूंची सारखीच जाते. रुंदी बहुधा ६६ फूट. ती मोजणीच्या साखळीची लांबी. तिरकं जायचं तर शेत कापावं लागतं, त्याला भरपाई द्यावी लागते. म्हणून सुरुवातीचा हायवे मैलामैलाला वळत गेला.

सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून १ ने सुरू होतात, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातात, मग ६ च्या खाली ७ आणि उलट पूर्वेकडे. नांगराच्या तासासारखं, एकदा इकडून एकदा तिकडून. ३६ येतो आग्नेय कोपऱ्यात. सेक्शन १६ शाळेच्या खर्चासाठी राखलेला, पण शाळेची इमारत तिथेच असेल असं मात्र नाही.

खरेदीखतातलं वर्णन मागून पुढे वाचायचं. 'वायव्य चतुर्थांश, आग्नेय चतुर्थांशाचा, सेक्शन १४' असं असेल तर आधी सेक्शन १४ शोधा, त्याचा आग्नेय पाव घ्या (१६० एकर), आणि त्याचा वायव्य पाव (४० एकर). हे एकदा हाताला बसलं की कुठलाही जुना कागद नकाशावर ठेवता येतो.

कागदकाडी

जमिनीच्या कागदांबद्दल मी भर घालते, कारण लोक इथेच कंटाळतात.

समजा रस्त्याकडेला जुना पंप आहे आणि तो कधी सुरू झाला ते हवंय. काउंटी असेसरच्या (मालमत्ता कराची आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नकाशावर त्या तुकड्यावर टिचकी मारा. आजचा मालक आणि शेवटच्या खताचं पुस्तक व पान मिळेल. तिथे 'बांधकामाचं वर्ष' असाही रकाना असतो. १९०० लिहिलेलं दिसलं की समजायचं, कुणालाच माहीत नव्हतं. पुलांच्या राष्ट्रीय यादीतही हीच तऱ्हा. २० फुटांहून लांब प्रत्येक सार्वजनिक पुलाची तिथे नोंद असते, पण १९०० हे साल बऱ्याचदा नुसतं भरायचं म्हणून भरलेलं.

मग काउंटी रेकॉर्डरच्या (खतं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कचेरीत विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या सूच्या असतात. आजचा मालक घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचा, त्याला विकणारा मिळतो. आता तो विकणारा घेणारा कधी झाला ते बघायचं. आपल्याकडे फेरफार मागे मागे चाळतात तसंच. साखळी तुटते ती तीन ठिकाणी. वारसाने आलेली जमीन, तिचं खत नसतं, वारस कोर्टाच्या नोंदीत जावं लागतं. कर थकल्यामुळे लिलावात गेलेली जमीन. आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका.

आयोवाची एक मौज आहे. तिथे खासगी कंपन्यांना मालमत्तेच्या हक्काचा विमा विकता येत नाही, त्यामुळे 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' नावाचं बाड अजून चालतं. सरकारने पहिल्यांदा जमीन दिली तिथपासूनचा प्रत्येक व्यवहार, गहाण, वारस, दावे, सगळं एका जाड गठ्ठ्यात, मालकाकडून मालकाकडे जाणारं. मालक भला निघाला आणि त्याने ते बाड टेबलावर ठेवलं तर कचेरीतले दोन दिवस वाचतात. नुसतं 'घर कधीचं?' असं विचारलं की आजोबांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे का?' असं विचारा.

पहिली सरकारी खतं केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली आहेत, फुकट. त्यासोबत मूळ मोजणीचे नकाशे आणि मोजणीदारांच्या वह्या. त्यात पायवाटा, झरे, झाडांच्या जातीसुद्धा टिपलेल्या असतात.

गावातल्या इमारतींसाठी सॅनबर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. एका इंचाला ५० फूट. गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड, निळं म्हणजे दगड. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात पाहायला मिळतात. एकच सावधगिरी : बदल झाला की जुन्या प्रतीवर कागदाचा तुकडा चिकटवून नकाशा सुधारायचे. नकाशावर छापलेलं साल आणि चिकटवलेल्या तुकड्याचं साल वेगळं असू शकतं.

आणि १८७० च्या दशकातल्या त्या सुंदर सचित्र काउंटी अ‍ॅटलासांवर भाळू नका. त्यांत ज्यांच्या घरांची चित्रं आहेत, त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. चित्र नाही म्हणजे घर नव्हतं असा अर्थ होत नाही.

नामू_नेब्रास्का

कागदकाडी, भारी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

लिंकन हायवेच्या त्या सिमेंटच्या खांबांबद्दल कुणी लिहा ना. लिलावात आणि लोकांच्या अंगणात बघितलेत, खरे कसे ओळखायचे?

चुनखडी

नामू, १ सप्टेंबर १९२८ या एकाच दिवशी देशभरातल्या बॉय स्काउटांनी सुमारे ३,००० खांब रोवले. काँक्रीटचा खांब, त्यावर लिंकनचा मुखवटा असलेलं कांस्य पदक, हायवेचं लाल-पांढरं-निळं चिन्ह आणि दिशा दाखवणारा बाण. या बाणाकडेच लोकांचं लक्ष जात नाही. खांब पुढचा रस्ता सरळ, डावीकडे की उजवीकडे हे दाखवायला होता. १९२८ चा मार्ग नकाशावर काढा आणि त्या जागी बाण जुळतो का बघा. सरळ मैलाच्या मधोमध डावा बाण दाखवणारा खांब उभा असेल तर तो दुसरीकडून आणलेला.

अशा खांबांपैकी मूळ जागी राहिलेले फार थोडे. रुंदीकरणात उपटले, शेतकऱ्यांनी घरी नेले, काही परत आणून 'साधारण तिथेच' रोवले. शिवाय नवे ओतलेले नमुनेही आहेत. पदकाभोवतीचं काँक्रीट बघा. मूळ खांबात ते झिजून खडी उघडी पडलेली असते. पदक नंतर बसवलं असेल तर त्याच्याभोवती वेगळ्या रंगाच्या मसाल्याची कड दिसते. नव्या ओतकामात साच्याच्या कडा धारदार राहतात.

वस्तू खरी आणि जागा खोटी, हा प्रकार रस्त्याकडेच्या खुणांमध्ये नेहमीचा आहे. टेक्सासात अमारिलोजवळचं कॅडिलॅक रँच (जमिनीत तोंड खुपसून पुरलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या) १९७४ चं. पण शहर वाढलं म्हणून १९९७ मध्ये सगळ्या दहा गाड्या उपटून दोन मैल पश्चिमेला पुरल्या. इलिनॉयच्या विल्मिंग्टनचा फायबरग्लासचा जेमिनी जायंट हा उंच पुतळा २०२४ मध्ये लिलावात गेला आणि गावातल्याच एका बागेत उभा राहिला. म्हणून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हलवलेली बांधकामं सहसा घेत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे निकष लावतात.

आयोवात हमखास मूळ जागी असलेली खूण हवी असेल तर टामा गावचा १९१५ चा पूल. कठड्यातली नक्षी म्हणजेच 'लिंकन हायवे' ही काँक्रीटची अक्षरं. अक्षरांमधून पलीकडचं पाणी दिसतं. याला कोण हलवणार!

ओहायोकर

आयोवा झालं, आता आमच्याकडे या. नॅशनल रोड लिंकन हायवेच्या शंभर वर्षं आधीचा. मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून १८११ मध्ये काम सुरू झालं आणि इलिनॉयच्या व्हँडेलियापर्यंत पोचलं. ओहायोत रस्त्याच्या उत्तरेला दगडी मैलखुणा आहेत. माथ्यावर कंबरलंडपर्यंतचं अंतर, खाली पुढच्या-मागच्या गावांची. पश्चिम पेनसिल्व्हेनियात त्याच कामाला ओतीव लोखंडाच्या खुणा.

न्यू काँकर्डजवळचा इंग्रजी 'एस' आकाराचा दगडी पूल हा तर माझा आवडता. झाडं वाचवायला वाकवला, गवंड्याने पैज मारली, अशा कितीतरी कथा आहेत. खरं कारण गवंडीकामाचं. रस्ता ओढ्याला तिरका येत होता. तिरकी कमान बांधायची तर प्रत्येक दगड वेगळ्या कोनात घडवावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही जातं. त्याऐवजी कमान ओढ्याला काटकोनात बांधली आणि दोन्ही बाजूंचे जोडरस्ते वाकवून रस्त्याला मिळवले. बैलगाडीच्या... म्हणजे त्यांच्या घोडागाडीच्या वेगाला ती वळणं चालून गेली. मोटारी आल्यावर तीच जिवावर उठली.

कोठारांवरच्या जाहिराती हा आमच्याकडचा दुसरा मोठा विषय. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या ब्लॉक ब्रदर्स कंपनीची मेल पाउच तंबाखू. काळी किंवा लाल पार्श्वभूमी, पांढरी-पिवळी अक्षरं. रंगाऱ्यांमध्ये बेलमाँटचा हार्ली वॉरिक प्रसिद्ध. १९४६ पासून १९९२ पर्यंत सुमारे २०,००० कोठारं त्याने रंगवली किंवा परत रंगवली असं मानतात, साचा न वापरता, नजरेच्या अंदाजाने. शेतकऱ्याला वर्षाला किरकोळ डॉलर आणि उरलेलं कोठार फुकट रंगवून मिळायचं. सौदा शेतकऱ्याच्या फायद्याचा होता, लाकूड टिकायचं.

१९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने प्रमुख रस्त्यांपासून ६६० फुटांच्या आतल्या जाहिरातींवर गदा आली. मेल पाउचच्या कोठारांना पुढे १९७४ मध्ये सूट मिळाली. दक्षिणेकडे 'सी रॉक सिटी' लिहिलेली कोठारं दिसतात, ती क्लार्क बायर्सची. १९३५ पासून १९६९ पर्यंत १९ राज्यांत सुमारे ९००. त्याचा काळा रंग काजळी आणि जवसाच्या तेलाचा, घरीच कालवलेला.

जाहिरात मूळची की हल्ली कुणा हौशाने उजळलेली, हे ओळखायला भिंतीला तिरक्या उन्हात बघा, सकाळी किंवा संध्याकाळी. शिशाचा रंग लाकडाचं रक्षण करतो. अक्षरांखालचं लाकूड तसंच राहतं, आजूबाजूचं झिजतं, त्यामुळे अक्षरं किंचित उठून दिसतात. रंग पूर्ण उडाला तरी मजकूर वाचता येतो. नव्याने रंगवलेल्यात अक्षराची कड आणि लाकडाचा उठाव बहुधा जुळत नाही. दोन थर एकमेकांपासून सरकलेले दिसले तर वेगवेगळ्या वेळी रंगवलंय. खरवडून बघू नका, शिसं विषारी आहे. विटांच्या भिंतीवरची अक्षरं पावसानंतर ओली असताना जास्त स्पष्ट दिसतात, हे फुकटचं तंत्र.

शेवंता_डेमॉइन

ओहायोकर, एस पुलाचं कारण पटलं. पण या असल्या कथा सगळीकडेच असतात. अमुक तळघरात गुलामांना लपवायचे, तमुक घरात जेसी जेम्स हा दरोडेखोर राहून गेला. खऱ्याखोट्याचं काय करायचं?

कागदकाडी

कथा टिपून ठेवायची, पण 'कथा' म्हणून. मग बघायचं की ती पहिल्यांदा छापून कधी आली. घटना १८५० ची आणि पहिला उल्लेख शताब्दीच्या स्मरणिकेत असेल तर संशय घ्या. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर शोधता येतात. मात्र यंत्राने वाचलेला मजकूर असल्यामुळे शब्द चुकतात. नावाची दोन-तीन चुकीची स्पेलिंगंसुद्धा टाकून बघा, आणि सापडलं नाही तर त्या महिन्यांचे अंक हाताने चाळा. गुलामांच्या सुटकेच्या जाळ्यासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेची वेगळी यादी आहे, १९९८ च्या कायद्यानुसार केलेली. तिच्यात घ्यायला पुरावा मागतात.

जेम्सबाबत निदान एक जागा पक्की : आयोवातलं अडेअर. २१ जुलै १८७३ ला त्याच्या टोळीने तिथे रूळ उखडून गाडी लुटली. रस्त्याकडेला खूण म्हणून इंजिनाचं चाक उभं केलंय.

मैलकुली

ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या ऐतिहासिक पाट्यांबद्दलही एक. पाटी गाडी थांबवता येईल अशा जागी लावतात, घटना घडली तिथे नव्हे. 'उत्तरेला अर्धा मैल' असं बारीक लिहिलेलं असतं, ते वाचा. तळाशी जे साल असतं ते पाटी लावल्याचं. पाटीवरचा मजकूर हा त्या सालच्या लोकांना काय वाटत होतं याचा पुरावा. एवढंच धरा. व्हर्जिनियात १९२७ पासूनच्या पाट्यांवर अक्षर आणि आकडा असा संकेत असतो, त्यावरून पाटी मुळात कोणत्या मार्गावरची ते कळतं. रस्ता बदलला, पाटी हलली, तरी संकेत तोच राहतो.

नामू_नेब्रास्का

आता व्यवहाराचं. लोकांच्या शेतात शिरायचं का? बंदुका असतात हो इकडे.

चुनखडी

शिरायचं नाही. विचारायचं. रस्त्याच्या सार्वजनिक हद्दीत उभं राहून फोटो काढता येतात. ६६ फुटांचा रस्ता असेल तर मध्यापासून ३३ फूट. कुंपण त्या रेषेवरच असेल असं नाही, पण कुंपणाच्या अलीकडे राहिलात तर वाद होत नाही. तिथली जमीनही बऱ्याचदा लगतच्या मालकाचीच असते, जनतेला फक्त वहिवाटीचा हक्क. त्यामुळे खोदणं, धातुशोधक यंत्र फिरवणं, बाटल्या उचलणं यातलं काही नाही.

बऱ्याच राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा म्हणजे 'प्रवेश बंद'ची पाटीच. टेक्सासात त्याची मापं कायद्यात आहेत : उभा पट्टा, निदान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर. जंगलात १०० फुटांच्या आत, इतरत्र १,००० फुटांच्या आत पुढचा पट्टा. 'मला पाटी दिसली नाही' हे तिथे चालत नाही.

नोव्हेंबर ते मार्च हा शोधासाठी उत्तम काळ. पानं गळलेली, मका कापलेला, गोचीड कमी, पॉइझन आयव्हीही कमी त्रास देते (देठाला हात लावू नका, तेल हिवाळ्यातही असतं). पण त्याच दिवसांत हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. भडक केशरी जाकीट घाला, रस्त्यावरून चालत असलात तरी.

आयोवात 'लेव्हल बी' अशी पाटी असलेला रस्ता म्हणजे नावापुरती देखभाल. नेब्रास्कात 'मिनिमम मेंटेनन्स'. कोरडा असताना साधी गाडी जाते. पाऊस पडला की पश्चिम आयोवाची ती वाऱ्याने आणलेली बारीक माती चाकांच्या कमानीत अशी भरते की चाक फिरणंच थांबतं. फोर-व्हील ड्राइव्हचा तिथे उपयोग नाही, टायरची नक्षीच बुजते. पाऊस होऊन गेला असेल तर एक दिवस थांबा, आणि त्या रस्त्यावर चाकोऱ्या पाडून ठेवू नका. शेतकरी वर्षभर शिव्या देतात.

पारावरची

स्मशानांचा विषय राहिला. ओस गावाचं उरतं ते स्मशानच.

दगडावरचं वाचायला खडू, शेव्हिंग क्रीम, पीठ, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावू नका. संगमरवर चुनखडीच्या जातीचा, आम्लाने आणि घासण्याने अक्षरं जातात. एक आरसा न्या. दगडाच्या कडेला धरून उन्हाची तिरीप अक्षरांवर आडवी पाडली की पुसट मजकूर उमटतो. शेवाळ काढायचंच असेल आणि व्यवस्थापनाची परवानगी असेल तर भरपूर साधं पाणी, मऊ ब्रश आणि डी-२ नावाचं द्रावण. ब्लीच नाही. दगड हलत असेल, पापुद्रे सुटत असतील तर हातच लावू नका.

निळसर राखाडी, शंभर वर्षांनीही अक्षरं ताजी आणि टकटक केल्यावर पोकळ वाजणारा 'दगड' दिसला तर तो जस्ताचा. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनीचा, १८७४ ते १९१४ दरम्यानचा. झाडाच्या बुंध्यासारखा असेल तर तो वुडमेन ऑफ द वर्ल्ड या १८९० मध्ये ओमाहात निघालेल्या विमा मंडळाच्या सभासदाचा असण्याची शक्यता. खोडावर त्यांचं चिन्ह शोधा.

न्यूयॉर्क राज्यात जाणाऱ्यांसाठी : पोकीप्सी रूरल सिमेटरी, भूखंड २१६-अ. आनंदीबाई जोशींचं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात निधन झालं आणि अस्थी त्यांच्या अमेरिकेतल्या स्नेही थिओडिशिया कारपेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. दगडावर आडनाव 'जोशी'चं जुनं इंग्रजी रूप आहे, शेवटी दोन 'ई'. शोधताना आजचं स्पेलिंग टाकलं तर हाती लागत नाही. मोठं स्मशान आहे, आधी कार्यालयातून नकाशा घ्या.

आडवाट

पारावरची, ही नोंद फार मोलाची.

नामूने व्यक्तिगत निरोपात विचारलं की खांब किंवा खूण सापडली तर नोंद कशी करायची, ते इथेच लिहितो. अक्षांश-रेखांश दशांश पाच स्थळांपर्यंत. म्हणजे मीटरभराची अचूकता. फोनने फोटोत टाकलेल्या जागेवर विसंबू नका, गाडीतून उतरल्या उतरल्या काढलेल्या फोटोत ती बरीच सरकलेली असते. दोन मिनिटं थांबून परत घ्या. चारही बाजूंचे फोटो, एक दुरून आजूबाजूच्या परिसरासकट, एक मोजपट्टीसह. बाण असेल तर तो कोणत्या दिशेला, होकायंत्राने. जवळचा चौक, सेक्शन नंबर, टाउनशिप. मालकाचं नाव जाहीर ठिकाणी नको.

खांब रस्त्याच्या हद्दीत असेल तर काउंटी इंजिनिअरला लेखी कळवा. गवत कापणाऱ्या यंत्राच्या आणि चर साफ करणाऱ्या जेसीबीच्या वाटेत काय आहे हे त्यांना माहीत असलं की निम्मं काम होतं. दुसरी प्रत लिंकन हायवे असोसिएशनच्या त्या राज्यातल्या शाखेला. ही संघटना १९९२ मध्ये आयोवातच, ऑग्डेनला पुन्हा उभी राहिली आणि तिचा मार्गाचा नकाशा ऑनलाइन आहे. पाटी असेल तर हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेसवर आधी नोंद आहे का बघा, असेल तर नवा फोटो आणि सुधारलेली जागा तिथे जोडता येते.

पुढच्या प्रतिसादात कुणी नेब्रास्कातल्या केंटकी... चुकलो, कीर्नी ते ग्रँड आयलंड भागातल्या जुन्या मार्गाचे १९३० च्या दशकातले हवाई फोटो टाकू शकेल का? युनियन पॅसिफिकच्या रुळांलगतचा पट्टा हवाय.